विंडोज ११ नंतर मंदावलेलं लाइटरूम: पंचवटीतल्या एका स्टुडिओचं प्रकरण

तक्रार एका वाक्यात आली: “विंडोज अकरा टाकलं आणि लाइटरूम बसलं.” फोन नाशिकच्या पंचवटीतल्या एका फोटो स्टुडिओतून होता. लाइटरूम म्हणजे फोटो निवडायचा आणि सुधारायचा ॲडोबीचा प्रोग्राम. तुळशीचं लग्न उरकून लग्नसराई सुरू झाली होती, दोन लग्नांचे फोटो सिलेक्शनला अडकले होते आणि अल्बमची शीट लॅबला द्यायची तारीख तोंडावर आली होती. २०२५ च्या दिवाळीनंतर अशी तक्रार बऱ्याच स्टुडिओवाल्यांकडून ऐकायला मिळते, म्हणून हे एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतो आहे. काय दिसलं, काय तपासलं, कशाने फरक पडला आणि कशाने अजिबात पडला नाही, हे सगळं. जिथे घड्याळ लावून मोजलं तिथे वेळही देतो, कारण ‘आता बरं चालतंय’ एवढ्यावर दुरुस्ती झाली असं मी मानत नाही.

स्टुडिओ घरचाच आहे. काका गिऱ्हाईक आणि हिशेब बघतात, मुलगा कॅमेरा सांभाळतो आणि एडिटिंग सगळं वहिनींकडे. वर्षाचं उत्पन्न लग्नांवर. हळदीपासून पाठवणीपर्यंत एका लग्नाचे तीन-चार हजार रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइल) होतात. गंगापूर रोड, संभाजीनगर रोडकडच्या लॉन्सवर लग्नं बहुतेक संध्याकाळची, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) चढवलेला असतो आणि फोटोंत नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, भरपूर. म्हणून लाइटरूम क्लासिकमधलं नॉइज घालवणारं डीनॉइज या स्टुडिओत रोज लागतं.

यंत्र असेंबल केलेलं. कोअर आय-७ ८७०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, विंडोज आणि प्रोग्रामसाठी ५०० जीबीची एसएसडी, फोटोंसाठी ४ टीबीची साधी हार्ड डिस्क, ६ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि वर्षभरापूर्वी घेतलेला फोर-के मॉनिटर. आजच्या मानाने जुनं, पण लग्नाच्या कामाला पुरून उरणारं. दिवाळीपर्यंत याच यंत्रावर काम सुरळीत चाललं होतं, हे वहिनींनी ठामपणे सांगितलं आणि तपासात ते खरं निघालं.

अपग्रेड का केलं, हा प्रश्न काकांना त्यांच्याच व्यवसायातल्या दोघा-तिघांनी विचारला होता. निर्णय योग्यच होता. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेता येतात, पण ती एका वर्षाची सोय आहे. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर ज्या यंत्रात घुसतात, ते यंत्र बिनअपडेटचं ठेवणं धोक्याचंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या जपणारी चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. हा प्रोसेसर नेमका त्या उंबरठ्यावर बसतो. टीपीएमची वेगळी चिप नव्हती, पण इंटेलच्या यंत्रांत तीच सोय अंगभूत असते, ती बायॉसमधून (मदरबोर्डच्या मूळ प्रोग्राममधून) चालू करावी लागते. ज्या दुकानात यंत्र नेलं तिथे बायॉस अपडेट केलं, ही सोय आणि सिक्युअर बूट चालू केलं, डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीवरून नव्या जीपीटीवर नेली आणि जुन्या विंडोजवरच नवं चढवलं. सगळं काम नीट केलेलं होतं. दुकानातून सीपीयू घरी आला, मुलाने रात्री टेबलाखाली वाकून वायरी जोडल्या आणि दुसऱ्या दिवशीपासून रडारड सुरू झाली.

फॉरमॅटच्या आधी कॅटलॉग

मी पोहोचेपर्यंत सल्ले बरेच जमा झाले होते. रॅम ३२ जीबी करा. नवं ग्राफिक्स कार्ड घ्या. परत दहावर जा. आणि सगळ्यांच्या तोंडी असलेला सल्ला, फॉरमॅट मारा.

परत जाण्याची वाट बंद झाली होती. विंडोज जुनी आवृत्ती दहा दिवस राखून ठेवतं, मग स्वतःच काढून टाकतं. राहिला फॉरमॅट, आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ऐन सराईत स्टुडिओच्या यंत्राला फॉरमॅट मारणं हा शेवटचा उपाय असायला हवा, पहिला नव्हे. लाइटरूम क्लासिकमध्ये मूळ रॉ फाइल जशीच्या तशी राहते. उजेड वाढवला, क्रॉप केला, चेहऱ्यावर मास्क लावला, तर त्याच्या नोंदी कॅटलॉग नावाच्या डेटाबेसमध्ये जातात. बदल फोटोशेजारी एक्सएमपी फाइलमध्ये लिहिण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते आणि इथेही बंदच होती. म्हणजे हार्ड डिस्कवरचे फोटो सुखरूप राहिले तरी सी ड्राइव्ह पुसला की वर्षानुवर्षांचं एडिटिंग गेलं. प्रिसेट (साठवून ठेवलेली सेटिंग), अल्बमचे मराठी फॉन्ट, मॉनिटरचं रंगाचं कॅलिब्रेशन हे सगळंही त्याच ड्राइव्हवर. या कॅटलॉगमध्ये २०१५ च्या सिंहस्थातले फोटोही होते, रामकुंडावर काकांनी स्वतः काढलेले. ते एडिटिंग पुन्हा कोण करणार?

म्हणून पहिलं काम कॅटलॉग कुठे आहे ते शोधणं. लाइटरूमच्या कॅटलॉग सेटिंग्जमध्ये पहिल्याच पानावर जागा लिहिलेली असते, शेजारी ‘शो’चं बटण असतं. जागा निघाली सी ड्राइव्हवर, युजरच्या फोल्डरमध्ये, वनड्राइव्हच्या आत, पिक्चर्सच्या आत. वनड्राइव्हचं नाव तिथे बघून शंका आलीच, पण मी तेव्हा काही हलवलं नाही. लाइटरूम बंद करून कॅटलॉगचा सगळा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला, फोटोंच्या हार्ड डिस्कची तब्येत ‘स्मार्ट’ नावाच्या, डिस्क स्वतःच ठेवते त्या नोंदींमधून पाहिली. डिस्क मरायला लागली की यंत्र असंच रांगतं आणि तेव्हा दुरुस्तीत घालवलेला प्रत्येक तास फोटोंच्या जिवावर बेततो. डिस्क ठणठणीत होती.

नेमकं कुठे अडतंय

यानंतर मी वहिनींच्या शेजारी खुर्ची टाकली आणि त्यांना रोजच्यासारखं काम करायला सांगितलं. मी फक्त बघत होतो आणि लिहून घेत होतो. या बघण्याला पर्याय नाही. लाइटरूमचं प्रत्येक काम यंत्राच्या वेगळ्या भागावर भार टाकतं. मेमरी कार्डावरून फोटो आत घेताना कार्ड रीडर, यूएसबी आणि डिस्क. लायब्ररीत, म्हणजे फोटो बघण्या-निवडण्याच्या भागात, एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना प्रिव्ह्यू (फोटोची आधीच बनवून ठेवलेली प्रत), म्हणजे पुन्हा डिस्क. डेव्हलपमध्ये, म्हणजे फोटो सुधारण्याच्या भागात, स्लायडर ओढताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, डीनॉइजला जवळजवळ फक्त ग्राफिक्स कार्ड, एक्स्पोर्टला दोन्ही. अडचण एकाच ठिकाणी असेल तर तो भाग पकडता येतो.

इथे सगळीकडेच अडत होतं. ६४ जीबीचं भरलेलं मेमरी कार्ड उतरायला अर्धा तास. लायब्ररीत बाणाची कळ दाबली की चार-पाच सेकंद ‘लोडिंग’. एक्स्पोजरचा स्लायडर ओढला की फोटो मागून येतो. डीनॉइजला आधी एका फोटोला दीड-दोन मिनिटं लागायची, आता दहाच्या वर. तपासणीसाठी आम्ही एका हळदीचे १०० रॉ फोटो वेगळे काढले आणि तेच पुढे प्रत्येक बदलानंतर वापरले. त्यांचं जेपीईजी एक्स्पोर्ट व्हायला ११ मिनिटं लागली.

सगळंच मंद असलं की माणूस म्हणतो, विंडोजच खराब. मला ते पटत नव्हतं. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स कार्ड तेच, आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर अर्धाही वापरात नव्हता. काम अडलेलं आणि प्रोसेसर मोकळा, याचा अर्थ तो कुणाची तरी वाट बघतोय.

धागा मिळाला वहिनींच्या एका बोलण्यातून. “भाऊ, लाइटरूमचं सोडा, माझा माउसच जड चालतो. मी सेल बदलून पाहिले.” लाइटरूम बंद असतानाही? “हो, नुसत्या डेस्कटॉपवरही.”

वायर चुकीच्या पोर्टात

लाइटरूम बंद असताना माउसचा बाण जड वाटतो, तर दोष लाइटरूममध्ये शोधण्यात अर्थ नाही. बाण पडद्यावर काढला जातो आणि पडदा सेकंदाला किती वेळा नवा होतो त्यावर त्याचं सरकणं अवलंबून असतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले अशा वाटेने गेलं की मॉनिटरचा रिफ्रेश रेट दिसतो आणि त्याच पानावर तो मॉनिटर कोणत्या ग्राफिक्सला जोडला आहे तेही लिहिलेलं असतं. हे पान फार थोडे लोक उघडतात. तिथे दोन गोष्टी होत्या: रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ, आणि जोडणी इंटेल यूएचडी ग्राफिक्स ६३० ला.

यंत्रात जीटीएक्स १०६० बसवलेलं आणि मॉनिटर मात्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चाललेला. सीपीयू बाहेर ओढला, मागे टॉर्च मारला. एचडीएमआयची वायर मदरबोर्डच्या पोर्टात होती, कार्डाच्या पोर्टात नव्हती. दोन्ही पोर्ट दिसायला सारखे, एक वर उभ्या रांगेत, दुसरा खाली आडव्या पट्टीत. टेबलाखालच्या अंधारात वरचा पोर्ट आधी हाताला लागतो. कार्ड लावलं की बऱ्याच मदरबोर्डांवर बोर्डाचा पोर्ट आपोआप बंद होतो, मग पडदा काळाच राहतो आणि चूक लगेच कळते. इथे बायॉस अपडेट होताना सगळी सेटिंग मुळावर गेली होती आणि या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये तो पोर्ट चालू होता. पडदा लागला, विंडोज आलं, कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

परिणाम दुहेरी. या बोर्डाचा एचडीएमआय पोर्ट १.४ जातीचा, त्यावर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. माउस जड वाटायचं कारण हे. दुसरा परिणाम जास्त महागात पडला. लाइटरूमने पडदा ज्या ग्राफिक्सला जोडला होता तेच कामासाठी धरलं होतं. प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्स पानावर इंटेलचं नाव होतं. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात, फुल एचडीच्या बरोबर चौपट. स्लायडर सरकवला की एवढं चित्र नव्याने रंगवायचं, तेही मूळ रॅममधूनच जागा उसनी घेणाऱ्या ग्राफिक्सवर. डीनॉइज चालू केलं तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये इंटेलचा आलेख छताला टेकला होता आणि १०६० चा तळाला पडून होता.

विंडोजमध्ये एखाद्या प्रोग्रामला ‘हाय परफॉर्मन्स’ ग्राफिक्स नेमून देता येतं. लॅपटॉपवर तो उपाय बरोबर आहे. डेस्कटॉपवर मात्र पडदा त्याच जुन्या पोर्टातून चालत राहतो आणि ३० हर्ट्झ तसाच राहतो. डिस्प्लेपोर्टची वायर आणली आणि मॉनिटर थेट कार्डाला लावला. ६० हर्ट्झ आला, बाण मोकळा झाला, लाइटरूमच्या पानावर कार्डाचं नाव बदललं. वहिनींनी स्लायडर ओढून पाहिला आणि पुढच्या फोटोवर गेल्या, काही बोलल्या नाहीत. काम करणारा माणूस काम करायला लागला की मला तेवढं पुरतं.

त्याच वेळी कार्डाचा ड्रायव्हरही तपासला. अपग्रेडमध्ये बसलेला ड्रायव्हर कामचलाऊ आणि बराच जुना होता. एनव्हिडिया कार्डांना दोन प्रकारचे ड्रायव्हर देते, एक खेळांसाठी आणि एक स्टुडिओ नावाचा. एडिटिंगच्या यंत्रावर स्टुडिओचाच टाकावा. इन्स्टॉल करताना ‘क्लीन’चा पर्याय निवडला, म्हणजे जुने अवशेष राहत नाहीत. मग तेच १०० फोटो पुन्हा एक्स्पोर्ट केले: ११ मिनिटांचे ५ मिनिटांवर आले. डीनॉइज पूर्वीच्या दीड-दोन मिनिटांवर.

काका म्हणाले, “म्हणजे वायरीचंच होतं सगळं?” सगळं नव्हतं. लायब्ररीतलं ‘लोडिंग’ फारसं हललं नव्हतं, आणि प्रिव्ह्यू उघडायला ग्राफिक्स कार्डाची फारशी गरजच नसते.

कॅटलॉग क्लाउडमध्ये

आता वनड्राइव्हकडे वळलो. खाली घड्याळाशेजारी त्याच्या ढगावर लाल खूण होती, जागा भरली म्हणून. वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबी. अपग्रेडनंतर विंडोज ‘सेटअप पूर्ण करा’ अशी काही पानं दाखवतं, त्यात मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करणं आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांचा क्लाउडवर बॅकअप घेणं येतं. रात्री उशिरा मुलाने पुढे-पुढे करत ती ओलांडली होती. सोय चांगल्या हेतूची आहे आणि पत्रं, पीडीएफ, शाळेची कागदपत्रं असणाऱ्याने ती जरूर वापरावी. अडचण अशी की ती चालू झाली की पिक्चर्स फोल्डरच वनड्राइव्हच्या आत हलतो, आणि लाइटरूम आपला कॅटलॉग मुळात पिक्चर्समध्येच तयार करतं.

मी विचारल्यावर वहिनींना आठवलं. अपग्रेडनंतर पहिल्यांदा लाइटरूम उघडलं तेव्हा ते म्हणालं होतं, कॅटलॉग सापडत नाही. मुलाने शोधून उघडून दिला होता. तिथेच गोष्ट कळण्यासारखी होती, पण उघडलं म्हटल्यावर पुढे कोण बघतो?

कॅटलॉग ही एक एसक्यूलाइट डेटाबेस फाइल आहे. एक स्लायडर हलवला तरी तिच्यात लिहिलं जातं. शेजारी प्रिव्ह्यूंचा साठा, तोही कामाबरोबर बदलत राहतो. वनड्राइव्हचं काम प्रत्येक बदललेली फाइल पकडून वर पाठवण्याचं. म्हणजे लाइटरूम लिहितंय, त्याच वेळी दुसरा प्रोग्राम तीच फाइल वाचायला बघतोय, वर जागा नाही म्हणून अडतोय आणि पुन्हा प्रयत्न करतोय. टास्क मॅनेजरमध्ये एसएसडीचा वापर शंभराच्या आसपास आणि प्रत्यक्ष वाहतूक किरकोळ, असं चित्र दिसलं ते यामुळे. मंद चालणं ही त्यातली लहान गोष्ट. उघडा कॅटलॉग दोन प्रोग्रामांच्या ओढाताणीत बिघडू शकतो, ही खरी भीती. शिवाय वनड्राइव्ह जागा वाचवायला काही फाइल नुसत्या नावापुरत्या यंत्रावर ठेवतं आणि मागितल्यावर खाली उतरवतं. प्रिव्ह्यूच्या बाबतीत असं झालं तर एकेका फोटोसाठी इंटरनेटची वाट बघावी लागेल.

कॅटलॉग हलवण्याचा क्रम इथे थोडा सविस्तर देतो, कारण घाईत याच टप्प्यावर लोक डेटा घालवतात. लाइटरूम पूर्ण बंद केलं. फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘नेहमी या यंत्रावर ठेवा’ निवडलं आणि सगळ्या फाइल खाली उतरल्याची खात्री केली. वनड्राइव्ह थोडा वेळ थांबवलं. मग सी ड्राइव्हवर मुळातच एक नवा फोल्डर करून त्यात पूर्ण कॅटलॉग फोल्डर कॉपी केला. कॉपी, मूव्ह नाही. फोल्डरमधली मुख्य एलआरकॅट फाइल, तिच्याच नावाची एलआरकॅट-डेटा फाइल आणि प्रिव्ह्यूंचे साठे एकत्रच राहायला हवेत. एलआरकॅट-डेटा मागे राहिली तर मास्किंगचं काम हरवतं. नवा कॅटलॉग त्याच्या फाइलवर डबल क्लिक करून उघडला, सिंहस्थातले आणि कालच्या लग्नातले फोटो उघडून पाहिले, आणि लाइटरूमने दर वेळी हाच कॅटलॉग उघडावा हे प्रेफरन्सेसमध्ये नेमलं. यानंतरच वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन पिक्चर्सचा बॅकअप थांबवला. तो थांबवला की पिक्चर्स फोल्डर रिकामा दिसतो आणि माणूस हादरतो. फाइल गेलेल्या नसतात, वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच असतात. क्लाउडवरून काहीही पुसण्याआधी यंत्रावरची प्रत पूर्ण आहे की नाही ते बघावं, कारण एका बाजूला पुसलेलं दुसऱ्या बाजूलाही पुसलं जातं.

“मग बॅकअप नकोच का, भाऊ?” वहिनींचा प्रश्न रास्त होता. हवाच, पण चालत्या कॅटलॉगचा नको. लाइटरूम बंद होताना कॅटलॉगचा बॅकअप स्वतः घेतं, त्याची झिप फाइल बनते. तिची जागा बाहेरच्या डिस्कवर नेमली आणि आठवड्यातून एक झिप क्लाउडवर टाकायची असं ठरवलं. बंद, न बदलणारी फाइल क्लाउडवर सुखाने राहते. झिपमध्ये प्रिव्ह्यू नसतात, पण ते फोटोंवरून पुन्हा बनवता येतात.

कॅटलॉग हलवल्यावर बाणाची कळ दाबली की फोटो एका सेकंदाच्या आत उभा राहू लागला. एक्स्पोर्टमध्ये मात्र फरक फारच थोडा पडला, पाच मिनिटांचे साडेचार. दोन्ही दोष एकमेकांत मिसळून एकच तक्रार झाली होती. सगळे उपाय एकदम केले असते तर कशाने काय सुधारलं हे कधीच कळलं नसतं.

राहिलेल्या गोष्टी

मेमरी कार्ड उतरायला अर्धा तास लागत होता, त्याचं मूळही त्याच रात्रीच्या जोडणीत. कार्ड रीडर यूएसबी २.० च्या काळ्या पोर्टात गेला होता. तिथे प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर वेग मिळत नाही. निळ्या पोर्टात लावला आणि तेच कार्ड साधारण बारा-तेरा मिनिटांत उतरलं.

रॅमही मूळ सेटिंगवर गेली होती. ३००० वेगाच्या पट्ट्या २१३३ वर चालत होत्या. बायॉसमध्ये तिचं प्रोफाइल परत लावलं. घड्याळात फरक दिसला नाही, पण विकत घेतलेला वेग वापरायला हवा.

अपग्रेडनंतर विंडोजचं सर्च सगळ्या फाइलांची यादी नव्याने करतं, तेव्हा पहिले एक-दोन दिवस यंत्र जड वाटतं. त्याला छेडू नये, रात्रभर यंत्र चालू ठेवलं की ते आपलं काम संपवतं. इथे ते केव्हाच संपलं होतं. फोटोंची हार्ड डिस्क मात्र त्या यादीतून काढली, कारण फोटो शोधायला लाइटरूम आहेच.

अँटिव्हायरस बंद करा, हाही सल्ला काकांना मिळाला होता. स्टुडिओच्या यंत्रावर हे अजिबात करू नये. विंडोजच्या डिफेंडरमध्ये काही फोल्डर तपासणीतून वगळता येतात. कॅटलॉग, प्रिव्ह्यू आणि कॅमेरा रॉच्या कॅशचा फोल्डर, एवढेच वगळले. मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह आणि डाउनलोड्स कधीच वगळायचे नाहीत. किती फरक पडला? मोजण्याइतका नाही. तरी राहू दिलं, कारण मोठं लग्न आत घेताना हजारो प्रिव्ह्यू एकदम बनतात.

पैसे कुठे घालायचे

वायर आणि फोल्डर एवढ्यावर भागलं, तरी काकांना पुढचं विचारायचं होतं. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्टमध्ये पहिलं अमृतस्नान. स्टुडिओ रामकुंडापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्या दिवसांत काम दुप्पट होणार आणि फोटो त्याच रात्री द्यावे लागणार.

रॅमचा सल्ला चुकीचा नव्हता, या दुखण्यावरचा नव्हता एवढंच. नुसतं लाइटरूम चालू असताना १६ जीबीपैकी ११-१२ वापरात होती. फोटोशॉपमध्ये अल्बमची शीट उघडली की मात्र ती भरायची आणि विंडोज एसएसडीवर तात्पुरती जागा वापरायला लागायचं. म्हणून ३२ जीबी करावी, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिला खर्च १ टीबीच्या आणखी एका एसएसडीवर, चालू कामांसाठी. तीन-चार हजार रॉ फोटो फिरत्या हार्ड डिस्कवरून वाचण्यात जो वेळ जातो तो रॅमने भरून निघत नाही. अल्बम पोहोचला की ते लग्न लाइटरूमच्या फोल्डर पॅनेलमधूनच ओढून ४ टीबीच्या डिस्कवर टाकायचं. विंडोजच्या एक्स्प्लोररमधून हलवलं तर लाइटरूमला फोटो सापडत नाहीत आणि प्रश्नचिन्हं दिसू लागतात. कॅटलॉगचे वर्षवार तुकडे करायचा विचार मुलाच्या मनात होता, तो मी सोडायला लावला. एवढ्या फोटोंना कॅटलॉग डगमगत नाही, आणि तुकडे केले की २०१५ चा एखादा फोटो शोधताना चार ठिकाणी बघावं लागतं.

ग्राफिक्स कार्डाचं काय? जीटीएक्स १०६० ची पिढी आता निवृत्त होते आहे. एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, सुरक्षेचे अपडेट तीन-तीन महिन्यांनी ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील. म्हणजे कार्ड उद्या बंद पडणार नाही, पण लाइटरूममध्ये नवं काही आलं तर ते या कार्डावर चांगलं चालेलच असं नाही. एका फोटोला दीड मिनिट लागणारं डीनॉइज लग्नाच्या पन्नास निवडक फोटोंना चालतं, रात्री लावून ठेवलं की सकाळी तयार. स्नानाच्या दिवशी दोनशे फोटो तासाभरात द्यायचे असतील तर चालणार नाही. काकांना लिहून दिलं: एसएसडी आत्ता, रॅम सराई संपल्यावर, आणि ८ जीबी किंवा त्याहून मोठं कार्ड ध्वजारोहणाच्या आधी, तेही आत्ताचा पॉवर सप्लाय त्याला पुरेल की नाही हे तपासून.

मुलाने सीपीयूच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आहे, कोणती वायर कुठे हे दिसेल असा. मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टाला चिकटपट्टी लावली. पुढच्या वेळी यंत्र दुकानात गेलं की परत आल्यावर आधी ॲडव्हान्स्ड डिस्प्लेचं पान उघडायचं, मग लाइटरूमच्या कॅटलॉग सेटिंग्ज, आणि मगच कुणाला फोन, असं वहिनींनी टेबलावरच्या वहीत लिहून ठेवलंय.